रायगड वर्गाच्या क्रूझर गोदीत कधी जातात?

तुमचा तक्ता दोनदा वाचला. जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही कादंबरीसाठी स्वतंत्र भारताच्या चार हलक्या क्रूझर (विनाशिकेहून मोठ्या, लांब पल्ल्याच्या युद्धनौका) कल्पिल्या आहेत: रायगड, तोरणा, पुरंदर आणि पन्हाळा. १९५० ते ५२ या काळात माझगावात बांधलेल्या, साडेसहा हजार टनांच्या, आठ इंची नऊ तोफांच्या, ३६ नॉट वेगाच्या. चौघींचा २००१ पर्यंतचा सेवा-इतिहास तुम्ही वर्षवार लिहिलात. ज्या दोघा-तिघांना वाचायला दिलात ते म्हणाले, ‘खोटं वाटतं.’ नेमकं कुठे खोटं वाटतं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कुठल्या नजरेतून येतंय ते कळेल. मी नौदलातला अधिकारी नव्हे. मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कामात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि निवृत्त झालो तो रिफिटच्या, म्हणजे नौका उघडून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीच्या, नियोजनातून. युद्धनौकेचा इतिहास लिहिणारे लोक तिच्या तोफांकडे बघतात; आम्ही तळाकडून वर बघत आलो. त्यामुळे तुमच्या तक्त्यात मला पहिल्यांदा जे दिसलं ते असं: चार नौका, पन्नास वर्षं, म्हणजे दोनशेच्या आसपास जहाज-वर्षं, आणि त्यात ‘गोदीत’ हा शब्द एकदाही नाही. चारही नौका पन्नास वर्षं सतत समुद्रावर आहेत, दर दोन वर्षांनी कुणावर तरी तोफा डागतायत. वाचकाला बॉयलर म्हणजे काय हे ठाऊक नसेल, पण ज्या घरात कधीच कुणी आजारी पडत नाही त्या घराची गोष्ट त्याला पटत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करतो. नौका कुणाच्या आहेत, पैसा किती आहे, स्वतःची सुकी गोदी (पाणी उपसून नौकेचा तळ उघडा करता येतो ती) आहे का, सुटे भाग कोण देतो, यावर सगळं बदलतं. २००१ ही निवृत्तीची तारीखही सरसकट अशक्य म्हणणार नाही. ‘दे रौटर’ ही डच क्रूझर १९३९ मध्ये बांधायला घेतली, मधे महायुद्ध आलं, आणि ती सेवेत आली १९५३ मध्ये. पेरूने ती १९७३ मध्ये विकत घेतली, ‘अल्मिरांते ग्राउ’ असं नाव ठेवलं आणि २०१७ पर्यंत चालवली. पण त्यासाठी ऐंशीच्या दशकात तिला परत नेदरलँड्सला नेऊन कित्येक वर्षांचा रिफिट करावा लागला. तुमच्या रायगडला २००१ पर्यंत जगवायचं असेल तर तो खर्च कथेत कुणीतरी मंजूर केला पाहिजे, आणि तो का केला हेही यायला हवं.

तोफांचं एकदाच सांगून पुढे जातो. ‘हलकी’ हा शब्द वजनावरून आलेला नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला दहा हजार टन आणि आठ इंची तोफ अशी मर्यादा घातली. १९३० च्या लंडन कराराने ६.१ इंचांपर्यंतच्या तोफा असलेल्यांना वेगळ्या गटात टाकलं, तीच हलकी क्रूझर. जपानने ‘मोगामी’ वर्ग याच गटात बसवून बांधला आणि नंतर त्याच नौकांवर आठ इंची तोफा चढवल्या. तोफ बदलली तशी हलकी क्रूझर जड झाली. तुमच्या आठ इंची तोफा म्हणजे नावातच चूक. शिवाय साडेसहा हजार टनांत तशा नऊ बसवून ३६ नॉट काढायचे म्हणजे टपावर पाण्याची टाकी ठेवून रिक्षा पळवण्यासारखं आहे. सहा इंची आठ तोफा आणि ३२ नॉट ठेवा. ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्ग सुमारे सात हजार टनांत साधारण एवढंच देत होता.

माझगावची तारीख मात्र खरोखर खटकते. माझगाव डॉक सरकारने ताब्यात घेतली १९६० मध्ये. तिथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘नीलगिरी’ सेवेत आली १९७२ मध्ये, आणि तीही फ्रिगेट, म्हणजे क्रूझरहून बरीच लहान. १९५० साली तिथे क्रूझर बांधली म्हणालात तर टर्बाइन कुणी ओतलं, चिलखती पत्रा कुठून आला, तोफांचे टरेट (फिरते चिलखती बुरूज) कुणी जुळवले, असे तीन अध्याय आधी लिहावे लागतील. सोपा रस्ता आहे. महायुद्ध संपलं तेव्हा युरोपात अर्धवट बांधलेले क्रूझरचे सांगाडे पडून होते. ब्रिटनच्या ‘टायगर’चा सांगाडा १९४१ मध्ये घातला आणि ती सेवेत आली १९५९ मध्ये. भारताने असे चार सांगाडे घेतले, तीन पूर्ण करून घेतले आणि चौथा पैशाअभावी सोडला, असं करा. पन्हाळा बांधूच नका. तिचे पंप, व्हॉल्व्ह, टर्बाइनची पाती बाकी तिघींना सुटे भाग म्हणून जाऊ द्या. एवढ्या एका गोष्टीने तुमचा वर्ग निम्मा खरा होईल, कारण अर्ध्यावर मोडलेला करार प्रत्येक नौदलाच्या इतिहासात असतो. (नावं गडांचीच ठेवा, छान आहेत. फक्त ‘दुर्ग वर्ग’ म्हणू नका; विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग या नौका सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघाकडून खरोखर आल्या होत्या.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी एक खरी नौका घेतो. आपल्या पहिल्या ‘दिल्ली’चं आयुष्य कागदावर असं दिसतं: १९३३ मध्ये ‘अकिलीस’ या नावाने ब्रिटिश नौदलात, १९३६ पासून न्यूझीलंडकडे, १९४८ मध्ये भारताकडे, ३० जून १९७८ ला मुंबईत निवृत्त. एकंदर पंचेचाळीस वर्षं. यातलं जगाला ठाऊक असलेलं प्रकरण एकच. १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी दक्षिण अमेरिकेच्या प्लाता नदीच्या मुखाजवळ ‘अजॅक्स’, ‘एक्झेटर’ आणि ‘अकिलीस’ या क्रूझर जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’ला भिडल्या. जोराची तोफबाजी दीड तासाच्या आत आटोपली. पंचेचाळीस वर्षांत दीड तास. पुढे त्या लढाईवर ब्रिटिश चित्रपट निघाला, १९५६ साली पडद्यावर आला, त्यात ‘अकिलीस’ची भूमिका आपल्या ‘दिल्ली’नेच केली. म्हणजे लढाईपेक्षा जास्त दिवस ती लढाईच्या शूटिंगमध्ये गेली असणार.

पुढचं गोदीच्या नजरेतून बघा. ५ जानेवारी १९४३ ला प्रशांत महासागरातल्या ग्वादालकनाल बेटाजवळ जपानी बाँब तिच्या मागच्या वरच्या टरेटवर पडला. दुरुस्तीसाठी तिला पोर्ट्‌समथला नेलं. तिथे, गोदीत सुरक्षित उभी असताना, २२ जून १९४३ च्या संध्याकाळी आत स्फोट झाला आणि गोदीतले चौदा कामगार गेले. प्लाताच्या लढाईत तिच्यावरचे चार जण गेले होते. हा हिशेब मी शिकाऊ पोरांना मुद्दाम सांगत असे. पुढे १९४४ मध्ये ती बाहेर पडली तेव्हा फुटलेला टरेट परत बसवलाच नाही. त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. आपल्याकडे आली ती आठांऐवजी सहाच मुख्य तोफा घेऊन. ‘दिल्ली’च्या फोटोत मागे एकच टरेट का, याचं उत्तर पाच वर्षं आधीच्या त्या बाँबमध्ये आणि त्या रिफिटमध्ये आहे.

‘मैसूर’चंही तसंच. ती मूळची ‘नायजेरिया’. १९३६ च्या करारात आठ हजार टनांची मर्यादा आली, त्यात ब्रिटिशांनी सहा इंची बारा तोफा कोंबल्या. मग युद्धात रडार, विमानविरोधी तोफा, जादा माणसं असं सगळं वरच्या बाजूला वाढत गेलं. वर ओझं वाढलं की नौका डुलायला लागते, सरळ व्हायला वेळ घेते. म्हणून या वर्गातल्या बहुतेक नौकांचा एक टरेट उतरवला गेला. ‘मैसूर’ १९५७ मध्ये आपल्या नौदलात आली ती नऊ तोफांनिशी. एकाच आराखड्यावर बांधलेल्या बहिणी पाच-सहा वर्षांत एकमेकींसारख्या राहत नाहीत. तुमच्या तक्त्यात चौघींचा साज शेवटपर्यंत तंतोतंत सारखा आहे. वाचकाला बोचतंय त्यातलं एक हे आहे.

आता गोदीत जावंच का लागतं? आमच्या कामाचं गणित सांगतो. मुंबईच्या कोमट पाण्यात नुसती उभी राहिलेली नौकासुद्धा तळाला शिंपलं आणि शेवाळ धरते. वेग उतरतो, तेच अंतर कापायला तेल जास्त लागतं. म्हणून तिला सुक्या गोदीत घेऊन तळ खरवडायचा, रंग द्यायचा. हे सगळ्यात किरकोळ काम. वाफेवर चालणाऱ्या नौकेचं खरं दुखणं असतं बॉयलरमध्ये. कंडेन्सरची (वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचं परत पाणी करणारं यंत्र) एक बारीक नळी गळली की खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात मिसळतं, आणि मग आतल्या नळ्यांना कीड लागल्यासारखं होतं. भट्टीच्या विटा ढासळतात. व्हॉल्व्ह धरतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ठरावीक तास वाफ धरली की बॉयलर थंड करून उघडावाच लागतो.

शिकाऊ असताना मला पहिल्यांदा एका जहाजाच्या बॉयलरच्या ड्रममध्ये उतरवलं होतं. आत जाण्याआधी मुकादमाने खिसे रिकामे करायला लावले, हातातली हत्यारं मोजून फळीवर खडूने आकडा लिहिला. बाहेर आलो, मोजली, एक पाना कमी. मी रडकुंडीला आलो. सगळी पाळी थांबवून दोघे जण पुन्हा आत गेले, आणि पाना निघाला माझ्याच बुटाच्या मोज्यात. चार तास गेले. मुकादम एवढंच म्हणाला, ‘हा पाना आत राहिला असता तर चार महिने गेले असते.’ रिफिट का लांबतो, हे मी त्या दिवशी शिकलो. कागदावर सहा महिने असतात. पत्रा उघडला की मागे दुसरा गंजलेला पत्रा, पंप उतरवला की त्याचा पायाच झिजलेला, आणि ज्या कारखान्याने तो पंप बनवला तो बंद झालेला. सहाचे अकरा होतात. कुणाची लबाडी नसते, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आमच्यात ढोबळ हिशेब असा असायचा: तीन नौका असतील तर एक समुद्रावर धरा, एक गोदीत, आणि एक अशी जी गोदीतून नुकतीच निघालीय किंवा लवकरच जाणार आहे, जिच्यावर अर्धे खलाशी नवे आहेत. युद्ध तोंडावर आलं तर ओढून-ताणून दोन बाहेर काढता येतात, पण त्याची भरपाई पुढच्या वर्षी करावी लागते. हा काही नियम नाही. श्रीमंत नौदलात प्रमाण बरं असतं, जुन्या विकत घेतलेल्या नौकांत वाईट. आपलंच उदाहरण घ्या. १९६५ चं युद्ध पेटलं तेव्हा ‘विक्रांत’ गोदीत होती. एवढी मोठी विमानवाहू नौका, आणि ऐन वेळी सुक्या गोदीत. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल योगायोग फार सोयीचा आहे. खऱ्या इतिहासात असे गैरसोयीचे योगायोग पावलोपावली असतात.

१९६५ मध्ये तुमची पुरंदर कराचीवर मारा करते. ते बदला असं मी म्हणणार नाही, कथा तुमची आहे. पण समोरच्या बाजूलाही एक हलकी क्रूझर होती, ती तुम्ही पूर्ण विसरलात. ब्रिटनची ‘डायडेम’ पाकिस्तानने १९५६ मध्ये घेऊन तिचं ‘बाबर’ केलं. सव्वापाच इंची तोफांची ही नौका ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री द्वारकेवर मारा करणाऱ्या ताफ्याच्या पुढे होती. पुरंदर आणि बाबर दोघी एकाच समुद्रात आहेत आणि एकमेकींचा विचारही करत नाहीत, हे पटत नाही. त्या भेटल्या नाहीत तरी चालेल. पण पुरंदरच्या कप्तानाच्या डोक्यातून बाबर जाता कामा नये.

गोव्याचं प्रकरण तुम्ही सगळ्यात रंगवून लिहिलंय, आणि तिथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. तुमची रायगड मुरगाव बंदरात शिरून पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ला गारद करते. डिसेंबर १९६१ मध्ये ते काम खरोखर केलं फ्रिगेटनी, ‘बेतवा’ आणि ‘बियास’ पुढे होत्या. ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल भास्कर सोमण यांच्याकडे दोन क्रूझर होत्या, आणि दोन्हींना बाजूची वाटतील अशी कामं मिळाली. ‘मैसूर’ कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर गेली, ‘दिल्ली’ दीवला. अंजदीववर उतरलेल्या तुकडीतले सात नौसैनिक मारले गेले आणि बेट काबीज करायला तोफांचा आधार घ्यावा लागला. क्रूझरचं काम बघा कसं होतं: किनाऱ्यापासून अंतर राखून उभं राहायचं, माणसं उतरवायची, गरज पडेल तिथे सहा इंची गोळे टाकायचे. अरुंद बंदरात शिरून द्वंद्व खेळायला तेवढी मोठी नौका कुणी पाठवत नाही. मला विचाराल तर अंजदीवची ती सकाळ कादंबरीसाठी मुरगावपेक्षा जड आहे. एवढंसं बेट, एवढी मोठी नौका, आणि माणसं मरतात ती होडीतून उतरताना.

अपघातही घाला. १९५९ मध्ये श्रीलंकेजवळच्या सरावात ‘मैसूर’ आणि ब्रिटिश विनाशिका ‘होग’ यांची टक्कर झाली. ‘होग’ची इतकी नासधूस झाली की ती पुढे भंगारातच गेली. शत्रू कुठेच नव्हता. आणि युद्धात सगळ्या बहिणी वाचत नाहीत, तसंच सगळ्या मरतही नाहीत, हेही लक्षात ठेवा. ‘लिअँडर’ आणि तिच्या सुधारित आराखड्याच्या मिळून आठ नौका. ‘नेपच्यून’ १९४१ मध्ये लिबियाजवळ सुरुंगांत सापडली आणि सातशेहून अधिक माणसांतून एकच वाचला. ‘सिडनी’ त्याच वर्षी व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या जर्मन ‘कोर्मोरान’शी लढताना सगळ्यांसकट गेली. ‘पर्थ’ १९४२ मध्ये सुंदा सामुद्रधुनीत बुडाली. उरलेल्या पाच भंगारवाल्याकडे गेल्या.

शेवट कसा येतो, हेही तुमच्या तक्त्यात चुकलंय. चारही नौका एकाच वर्षी समारंभाने निवृत्त होतात. खऱ्या क्रूझर आधी प्रशिक्षणाला जातात, ‘दिल्ली’ गेली तशी. १९७१ मध्ये ‘मैसूर’ पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती, पण ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर घाव घातला तो ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी. त्यानंतर सहा इंची तोफेसाठी सहाशे-सातशे माणसं पोसायची का, हा प्रश्न हिशेब ठेवणाऱ्याला पडणारच. ‘मैसूर’ १९८५ मध्ये गेली. ‘दिल्ली’चा एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर उभा आहे. दोन्ही नावं नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत आली, माझगावात बांधलेल्या विनाशिकांवर. तुमची माझगावची हौस तिथे भागवा: जुनी रायगड मोडीत गेली आणि तिचं नाव घेतलेली दुसरी माझगावातून पाण्यात उतरली, हा प्रसंग शेवटच्या प्रकरणात सहज बसेल.

बोलून दाखवलं की सोपं वाटतं, म्हणून तुमच्या तोरणाच्या नोंदी मी माझ्या पद्धतीने लिहून बघितल्या. अर्थात सगळं काल्पनिक:

‘सांगाडा १९४३ मध्ये घातला, १९४५ मध्ये काम थांबलं. १९५१ मध्ये भारताने घेतला, १९५५ मध्ये सेवेत. डाव्या बाजूचं टर्बाइन पहिल्या प्रवासापासून कुरकुरतं. १९५८: रिफिट, ठरले आठ महिने, लागले चौदा, पन्हाळासाठी बनवलेलं टर्बाइन बसवलं. १९६१, डिसेंबर: कोचीनला, कंडेन्सरच्या नळ्या बदलणं चालू; गोव्याच्या कारवाईत नाही. १९६३: सरावात नांगराची साखळी तुटून दोन खलाशी जखमी. १९६५: बंगालच्या उपसागरात गस्त, शत्रू दिसला नाही. १९६७-६९: मोठा रिफिट, मागचा टरेट उतरवला, त्या जागी कॅडेटांचे वर्ग. १९७१: प्रशिक्षण नौका. १९७६: निवृत्त.’

एकही लढाई नाही. तरी तुमच्या नायकाला या नौकेवर ठेवून बघा. तुम्ही त्याला मालवणचा दाखवलाय. त्याच्या घरापासून गोवा हाकेच्या अंतरावर, रेडिओवर बातम्या चालू आहेत, आणि हा कोचीनला उघड्या कंडेन्सरसमोर नळ्या मोजत बसलाय. तुमच्या तीस पानांच्या मुरगावच्या लढाईत मला एवढं काही सापडलं नाही.

सुधारलेला तक्ता पाठवाल तेव्हा एक नवा रकाना घाला: कोणती नौका कोणत्या महिन्यात सुक्या गोदीत. तो आधी भरा, पेन्सिलीने, आणि रिफिटचा प्रत्येक आकडा निदान तीन महिन्यांनी वाढवा. लढाया उरलेल्या जागेत बसवा. जी बसणार नाही ती दुसऱ्या बहिणीला द्या.